१९८२-८३ ला अमेरिकेत सगळ्यात जास्त काय बघितलं गेलं, आणि पहिला नंबर मॅशचा का नाही

प्रश्न असा आहे की अमेरिकेत १९८२-८३ च्या सीझनमध्ये टीव्हीवरचे सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रम कोणते, आणि त्याच वर्षी मॅश या मालिकेचा शेवटचा भाग जवळजवळ अख्ख्या देशाने बघितला तरी वर्षाच्या यादीत पहिला नंबर सिक्स्टी मिनिट्स या बातम्यांच्या कार्यक्रमाचा कसा काय? मी मुंबईत आधी मीडिया प्लॅनिंग आणि मग ऑडियन्स रिसर्चमध्ये बरीच वर्षं काढली, रेटिंगचे आकडे हेच रोजचं काम, आणि नवीन पोरं जॉइन झाली की मी त्यांना मुद्दाम हाच सीझन वाचायला लावतो. आपल्याकडचा ताजा डेटा दिला की सगळे आपल्या आवडत्या मालिकेवरून भांडत बसतात, इथे कुणाचं काही अडकलेलं नसतं.

आधी यादी सांगून टाकतो (सीबीएस, एबीसी आणि एनबीसी ही तिथली तेव्हाची तीन मोठी नेटवर्क). पहिला सीबीएसचा सिक्स्टी मिनिट्स, सीझनचं सरासरी रेटिंग २५.५. दुसरा डॅलस २४.६, तोही सीबीएस. तिसऱ्या नंबरवर दोघं एकत्र, मॅश आणि मॅग्नम पी.आय., २२.६, दोन्ही सीबीएस. मग एबीसीची डायनेस्टी २२.४, एबीसीचीच थ्रीज कंपनी २१.२, सीबीएसचे सायमन अँड सायमन २१.० आणि फाल्कन क्रेस्ट २०.७, एबीसीची द लव्ह बोट २०.३, आणि दहाव्या जागेवर परत दोघं, एनबीसीची द ए-टीम आणि एबीसीचं मंडे नाइट फुटबॉल, २०.१. म्हणजे टाय धरून अकरा कार्यक्रम, त्यात सीबीएसचे सहा, एबीसीचे चार आणि एनबीसीचा एक. त्या एकाची पण गंमत आहे, ती पुढे येईल.

आता हे आकडे म्हणजे नक्की काय. रेटिंग म्हणजे टीव्ही असलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत त्या वेळी तो कार्यक्रम लागलेला होता. त्या सीझनला अमेरिकेत टीव्ही असलेली घरं नील्सन या रेटिंग मोजणाऱ्या कंपनीच्या हिशोबाने ८ कोटी ३३ लाख, त्यामुळे एक पॉइंट म्हणजे ८ लाख ३३ हजार घरं. सिक्स्टी मिनिट्स म्हणजे सरासरी २ कोटी १२ लाख घरं, दहाव्या नंबरवाले म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या आसपास. आणि शेअर ही वेगळी गोष्ट, तो मोजताना फक्त त्या वेळी टीव्ही चालू असलेली घरं धरतात, त्यामुळे शेअर नेहमी रेटिंगपेक्षा मोठा दिसतो आणि चॅनलवाले जाहिरातीत मोठा आकडा कुठला छापतात ते सांगायला नको.

हे मोजलं कसं जायचं तर नील्सनने देशभर साधारण १,७०० घरांत टीव्हीला एक मीटर बसवलेला होता, सेट चालू आहे का आणि कुठल्या चॅनलवर आहे एवढंच तो टिपायचा आणि रात्री फोनलाइनवरून तो डेटा फ्लोरिडातल्या डनेडिनच्या कॉम्प्युटरवर जायचा. समोर कोण बसलंय, आजी, की दहावीतला मुलगा, की कोणीच नाही आणि कुत्रं सोफ्यावर झोपलंय, हे त्या मीटरला कळायचंच नाही. माणसं मोजायला वेगळ्या घरांना कागदी डायऱ्या द्यायचे, बटण दाबून आपण कोण ते सांगायचा पीपल मीटर देशपातळीवर आला तो १९८७ ला. आता १,७०० घरं धरून मॅश आणि डायनेस्टीमधला फरक काढा. ०.२ पॉइंट. म्हणजे सॅम्पलमधली तीन-साडेतीन घरं! ओहायोमधल्या एका कुटुंबाने सोमवारी, मॅशच्या रात्री, लवकर झोपायचं ठरवलं आणि अशी अजून दोन घरं निघाली की तिसऱ्या आणि पाचव्या नंबरातला फरक संपला. अर्थात सरासरी खूप आठवड्यांची असते म्हणून चूक बरीच दबते, पण एका आठवड्याच्या आकड्यात दोन पॉइंट इकडेतिकडे सहज होऊ शकतात, तेव्हा तिसरा कोण आणि पाचवा कोण यावर कुणी तावातावाने बोलायला लागला की मी चहा मागवतो.

आता मूळ प्रश्नाकडे. वर्षाची यादी सरासरीवर बनते, त्यामुळे एका रात्रीचा विक्रम तिथे फार कामाला येत नाही. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, या यादीतला प्रत्येक नंबर कार्यक्रमाचा जितका आहे तितकाच त्याच्या वारा-वेळेचा आहे. आधी काय लागतं आणि समोर काय लागतं हे बघितल्याशिवाय कुठलाही नंबर वाचायचा नाही, हे मी प्रत्येक ट्रेनीला पहिल्याच दिवशी सांगतो.

सिक्स्टी मिनिट्सच घ्या. बातम्या-मुलाखतींचा कार्यक्रम, थीम म्युझिक नाही, नुसतं स्टॉपवॉचचं टिकटिक, माइक वॉलेस, मॉर्ली सेफर, हॅरी रीझनर, एड ब्रॅडली अशी वयस्कर-गंभीर मंडळी आणि शेवटी अँडी रूनीची कुरकुर. १९६८ ला सुरू झाला तेव्हा कोणी विचारत नव्हतं, बरीच वर्षं याला इकडून तिकडे ढकलत होते. मग झालं काय, तिथल्या एफसीसीने (टीव्ही-रेडिओचे नियम करणारी सरकारी संस्था) १९७१ पासून नियम आणला होता की संध्याकाळच्या प्राइम टाइममधला काही वेळ नेटवर्कने सोडायचा आणि लोकल स्टेशनला द्यायचा, पण पुढे त्यात रविवारी सात ते आठला सूट मिळाली, अट एवढीच की तिथे बातम्या किंवा मुलांचे कार्यक्रम दाखवायचे. सीबीएसने डिसेंबर १९७५ मध्ये सिक्स्टी मिनिट्स उचलून रविवारी सातला ठेवला. रविवारी दुपारपासून सीबीएसवर फुटबॉल (त्यांचं, अमेरिकन), मॅच सातच्या आसपास संपते, पुरुष मंडळी सोफ्यावर, रिमोट सगळ्यांकडे नसायचा, चॅनल तोच राहतो. आणि समोर? त्याच नियमामुळे समोरच्या दोघांना पण तिथे सिनेमा किंवा मारधाड लावता येत नव्हती, म्हणून १९८२-८३ ला एबीसीवर रिप्लीज बिलीव्ह इट ऑर नॉट आणि एनबीसीवर व्हॉयेजर्स, मुलांना इतिहास शिकवणारी टाइम ट्रॅव्हलची मालिका. म्हणजे मागून गर्दी आयती आणि समोर मैदान मोकळं. धंद्यात याहून चांगली जागा मी तरी बघितलेली नाही.

पण नुसती जागाच असती तर १९८२ ला तोंडावर आपटले असते, कारण त्या वर्षी फुटबॉल खेळाडूंचा संप झाला. २१ सप्टेंबरला सुरू झालेला संप ५७ दिवस चालला, सीझन नऊ मॅचेसवर आला, म्हणजे ऑक्टोबरभर आणि निम्मा नोव्हेंबर सिक्स्टी मिनिट्सच्या आधी खरी मॅचच नव्हती. तरीही वर्षाचा पहिला नंबर. सात वर्षं लोकांना रविवारी सातला तिथे यायची सवय लागलेली होती, आता मॅच असो नसो. लीड-इनने, म्हणजे आधी लागणाऱ्या कार्यक्रमाने, प्रेक्षक एकदा आणून दिला की पुढे टिकवायचं काम कार्यक्रमाचं, आणि प्रोड्यूसर डॉन ह्यूइटच्या टीमने ते केलं हे मान्य करायलाच पाहिजे.

अजून एक बारीक गोष्ट जी यादीत दिसत नाही. आदल्या सीझनला, १९८१-८२ ला, डॅलस २८.४ आणि सिक्स्टी मिनिट्स २७.७. या सीझनला डॅलस २४.६ आणि सिक्स्टी मिनिट्स २५.५. म्हणजे दोघंही घसरले, डॅलस जास्त घसरली, आणि पहिला नंबर सिक्स्टी मिनिट्सच्या पदरात पडला. पेपरमध्ये हेडलाइन येते की अमुक कार्यक्रम नंबर वन झाला, लोकांना वाटतं वर चढला असेल. मी क्लायंटला कायम मागच्या वर्षाचा कॉलम शेजारी लावून देतो, निम्म्या चर्चा तिथेच संपतात. घसरण सगळीकडेच होती खरं तर, केबल पसरत होती, एचबीओ होतं, ईएसपीएन १९७९ ला, सीएनएन १९८० ला, एमटीव्ही १९८१ ला आलेलं, तिन्ही नेटवर्कचा मिळून जो दबदबा सत्तरच्या दशकात होता त्याला गळती लागली होती.

डॅलसबद्दल फार लिहीत नाही, टेक्ससमधलं तेलवालं कुटुंब, जे.आर. युइंग, नोव्हेंबर १९८० मध्ये त्याला गोळी कोणी मारली ते सांगणाऱ्या भागाला ५३.३ रेटिंग मिळालं होतं, तो तेव्हाचा विक्रम. १९८२-८३ ला ती शुक्रवारी नऊला आणि तिच्या मागे दहाला फाल्कन क्रेस्ट, त्याच लोरिमार कंपनीची, तेलाच्या जागी द्राक्षाचे मळे आणि जे.आर.च्या जागी जेन वायमन, जी प्रेसिडेंट रेगनची पहिली बायको. आठवा नंबर तिला मिळाला त्यात डॅलसचा वाटा किती ते तुम्हीच ठरवा. डॅलसच्या आधी आठला ड्यूक्स ऑफ हॅझर्ड असायचा, जो १९८०-८१ ला दुसऱ्या नंबरवर होता, आणि इथे या सीझनला घोळ झाला, दोन्ही हिरो पैशावरून भांडून बाहेर पडले, प्रोड्यूसरने दोन चुलतभाऊ आणून उभे केले, तीच गाडी, तसेच शर्ट, आणि लोकांनी सरळ पाठ फिरवली. फेब्रुवारी १९८३ मध्ये जुने दोघं परत आले पण गेलेला प्रेक्षक तसा पूर्ण आला नाही. डॅलस घसरायचं हे पण एक कारण असावं असं मला वाटतं, आधीचा तास बसला की पुढच्या तासाला मार लागतोच.

गुरुवार हा माझा आवडता. सीबीएसवर आठला मॅग्नम, हवाईमध्ये लाल फेरारी फिरवणारा मिशीवाला डिटेक्टिव्ह टॉम सेलेक, आणि नऊला सायमन अँड सायमन, दोन भावांची डिटेक्टिव्ह एजन्सी. ही सायमन अँड सायमन आदल्या वर्षी जवळजवळ बंद पडायला आलेली, मग तिला मॅग्नमच्या मागे आणून बसवली आणि ऑक्टोबरमध्ये एक जोड-भाग केला, मॅग्नममध्ये सायमन बंधू येतात आणि गोष्ट पुढच्या तासात त्यांच्या मालिकेत संपते. आता शेवट बघायचा तर चॅनल बदलता येत नाही! सीझनच्या शेवटी सातवा नंबर. आपल्याकडे मराठीत दोन मालिकांचा महासंगम करतात ना, आणि रविवारी महाएपिसोड, ती हीच युक्ती.

त्याच गुरुवारी समोर एनबीसी काय लावत होती? फेम, चिअर्स, टॅक्सी आणि हिल स्ट्रीट ब्लूज. टॅक्सी एबीसीने बंद केल्यावर एनबीसीने उचलली होती, चिअर्स ३० सप्टेंबर १९८२ ला नवीन आलेली. समीक्षक खूश, बक्षिसं धो धो, आणि चिअर्स रेटिंगमध्ये यादीच्या जवळपास तळाला. बॉस्टनमधला बार, चार गिऱ्हाइकं, बसून गप्पा, आणि समोर फेरारीवाल्याने आणून दिलेला प्रेक्षक घेऊन बसलेले सायमन बंधू. दुसऱ्या कुठल्या नेटवर्कने तिसऱ्या महिन्यात पत्ता कट केला असता. पण एनबीसी तेव्हा तिसऱ्या नंबरवरचं नेटवर्क, ग्रँट टिंकर चेअरमन, ब्रँडन टार्टिकॉफ प्रोग्रामिंगला, त्या जागी लावायला हाताशी याहून बरं दुसरं काही नव्हतं हेही खरं आणि त्यांना मालिका आवडलेली होती हेही खरं. सप्टेंबर १९८३ मध्ये चिअर्सला बेस्ट कॉमेडीचा एमी (तिथला टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळाला, १९८४ ला त्याच गुरुवारी आठला कॉस्बी शो आला आणि त्याने मॅग्नमचं कंबरडं मोडलं, आणि १९९०-९१ ला चिअर्स वर्षाच्या यादीत पहिली. जागा तीच, वार तोच, पुढचा-मागचा शेजार तेवढा बदलला.

मंगळवारी एबीसीचा वाडा होता. हॅपी डेज, लव्हर्न अँड शर्ली, मग नऊला थ्रीज कंपनी आणि तिच्या मागे नाइन टू फाइव्ह. ही नाइन टू फाइव्ह थ्रीज कंपनीच्या मागे बसल्यावर पहिल्या विसात येऊन बसली, अगदी आयत्या बिळावर नागोबा, आणि पुढच्या सीझनला तिथून हलवली की काही आठवड्यांत बंद. आणि या वाड्याच्या आठच्या भिंतीला धडक दिली ती ए-टीमने. एनबीसीने २३ जानेवारी १९८३ ला पायलट, म्हणजे पहिला भाग, दाखवला आणि पुढच्याच रविवारी, ३० जानेवारीला, सुपर बोलची (त्यांच्या फुटबॉलची फायनल) मॅच संपल्या संपल्या दुसरा भाग. त्या मॅचला ४८.६ रेटिंग होतं, म्हणजे जवळजवळ निम्म्या देशाच्या घरात एनबीसी लागलेलं असताना तुम्ही नवीन मालिका दाखवताय, याहून मोठा लीड-इन पृथ्वीवर नाही. मग तिला मंगळवारी आठला हॅपी डेजसमोर लावली आणि हॅपी डेजची वाट लागली. दहावा नंबर मिळाला पण तो फक्त जानेवारीपासूनच्या भागांच्या सरासरीवर. तेव्हा सीझन साधारण सप्टेंबरअखेर ते एप्रिल मोजायचे, बाकीच्या मालिकांच्या सरासरीत शरद ऋतूतले पडेल आठवडे पण धरलेले आणि हिच्या सरासरीत फक्त कडक थंडीचे, जेव्हा लोक घरात असतात. मंडे नाइट फुटबॉलचं उलट, संपामुळे जे सोमवार झालेच नाहीत ते मोजलेच नाहीत. दोघांचा आकडा २०.१ पण दोन आकड्यांच्या आत काय भरलंय ते पूर्ण वेगळं.

आता मॅश. कोरियन युद्धात अमेरिकन आर्मीचं फिरतं हॉस्पिटल, तिथले डॉक्टर-नर्स, विनोदी पण मधेच घशात काहीतरी अडकवणारी मालिका. युद्ध चाललं तीन वर्षं आणि मालिका अकरा. सप्टेंबर १९७२ ला सुरू झाली तेव्हा रविवारी आठला होती आणि पहिल्या सीझनला ४६ वा नंबर. मग सीबीएसने शनिवारी ऑल इन द फॅमिली या गाजलेल्या मालिकेच्या मागे ठेवली आणि पुढच्याच सीझनला चौथी! लेखक तेच, कलाकार तेच. पुढे ती स्वतःच इतकी भक्कम झाली की सोमवारी नऊला तिच्या मागे काहीही लावा, चालायचं. १९८२-८३ ला साडेनऊला न्यूहार्ट लावली, नवी कोरी मालिका, पहिल्याच वर्षी दहाव्या नंबरच्या जरा खाली.

शेवटचा भाग २८ फेब्रुवारी १९८३, अडीच तासांचा, ॲलन अल्डाने डायरेक्ट केलेला. ऑक्टोबर १९८२ मध्ये मालिबूच्या डोंगरात वणवा लागून त्यांचा बाहेरचा सेट जळाला होता, तर त्यांनी ती आग कथेतच घेतली. रेटिंग ६०.२, शेअर ७७, साधारण १० कोटी ५९ लाख माणसं. तीस सेकंदांची जाहिरात साडेचार लाख डॉलरला गेली, म्हणजे त्या वर्षीच्या सुपर बोलपेक्षा महाग, आणि सुपर बोलपेक्षा महाग म्हणजे काय ते आमच्या धंद्यातल्याला सांगावं लागत नाही.

या दोन आकड्यांशी जरा खेळा, मी नवीन पोरांना हेच करायला लावतो. ६०.२ ला ०.७७ ने भागा, ७८ येतात. म्हणजे त्या सोमवारी रात्री शंभरातल्या ७८ घरांत टीव्ही चालू होता. थंडीतल्या नेहमीच्या रात्री प्राइम टाइमला हा आकडा साठीच्या घरात असायचा. म्हणजे मॅशने नुसता दुसऱ्या चॅनलचा प्रेक्षक ओढला असं नाही, एरवी ज्या घरांत टीव्ही बंद असतो त्यांनाही उठवून बसवलं. नेहमीचे मोठे आकडे हे वाटणीचे असतात, दुसऱ्याच्या ताटातलं आपल्याकडे. इथे पंगतच मोठी झाली. आता दुसरा भागाकार, १० कोटी ५९ लाख माणसं भागिले साधारण ५ कोटी घरं, दर घरात दोनच्या वर माणसं. सुपर बोल फेब्रुवारी २०१० मध्ये डोक्यांच्या संख्येत याच्या पुढे गेला, लोकसंख्या वाढली ना, पण एका नेटवर्कवरच्या एका कार्यक्रमाचं ६०.२ रेटिंग अजून कुणी ओलांडलेलं नाही.

आणि एवढं होऊनही वर्षात तिसरा, कारण बाकीच्या सोमवारी मॅश ही बाविसच्या आसपासची मालिका होती आणि सिक्स्टी मिनिट्स दर रविवारी पंचविशीत. यादी विचारते की दर आठवड्याला कोण आलं. कधी नव्हे ते एकदा कोण आलं हे विचारायचं असेल तर वेगळी यादी काढावी लागते, आणि त्या वेगळ्या यादीत तर अजून गंमत आहे. एबीसीने त्याच फेब्रुवारीत द विंड्स ऑफ वॉर ही १८ तासांची मिनी-सिरीज सात रात्री दाखवली, सरासरी ३८.६, आणि मार्चअखेर द थॉर्न बर्ड्स चार रात्री, सरासरी ४१.९. हे वर्षाच्या पहिल्या दहात कुठेच नाहीत कारण ती यादी नियमित मालिकांची. कोणी तुम्हाला सांगितलं की १९८२-८३ ला अमेरिकेने हे दहा कार्यक्रम सगळ्यात जास्त बघितले, तर त्याला विचारा थॉर्न बर्ड्स कुठेय. मॅशचा शेवट आणि विंड्स ऑफ वॉर फेब्रुवारीतच का, तर नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलै या महिन्यांत लोकल स्टेशनांसाठी डायऱ्या भरून घेतल्या जायच्या, त्याला स्वीप्स म्हणतात, आणि त्यावर पुढच्या काही महिन्यांचे लोकल जाहिरातींचे दर ठरायचे, म्हणून सगळे जण भारी माल तेव्हासाठी राखून ठेवायचे.

इथे एक उलटं उदाहरण द्यायलाच पाहिजे, नाहीतर वाटेल की शेजार मिळाला की सगळं मिळालं. त्याच सोमवारी दहाला, मॅश आणि न्यूहार्टच्या मागे, कॅग्नी अँड लेसी होती, दोन बाई पोलीस डिटेक्टिव्हांची. पुढची सगळी तयारी आयती, आणि तरी चालली नाही, सीबीएसने १९८३ ला बंद केली. अर्ध्या तासाच्या कॉमेडीला हसायला बसलेला माणूस दहाला तासभर गंभीर पोलिसकथा बघेलच असं नाही, आणि हिवाळ्याच्या आधी समोर फुटबॉल पण असायचं. मग उन्हाळ्यात रिपीट लागले तेव्हा समोर काही नव्हतं, लोकांनी बघितली, पत्रांचा ढीग पडला, टायन डेलीला एमी मिळाला आणि मार्च १९८४ मध्ये मालिका परत आली. आणि दुसरं, ग्लोरिया, ऑल इन द फॅमिलीतल्या मुलीची वेगळी काढलेली मालिका, रविवारी सिक्स्टी मिनिट्सनंतर साडेआठला लागायची, पहिल्या विसात होती, तरी एका सीझनमध्ये बंद केली, कारण त्या जागेवर एवढे आकडे कोणालाही मिळाले असते असं चॅनलला वाटत असणार. माझा तरी तोच अंदाज आहे, प्रोग्रामिंगवाले लीड-इनचं रेटिंग आणि तुमचं रेटिंग शेजारी ठेवून किती टक्के टिकवले तेच आधी बघतात.

आणि जाहिरातवाले? त्यांना घरं नकोच असतात, त्यांना हवी असतात माणसं, ठरावीक वयाची. १८ ते ४९. लव्ह बोटमध्ये जहाजावर चढणाऱ्या जुन्या नटनट्यांना बघायला बसलेली साठीची बाई मीटरमध्ये एक घर आहे, पण शांपूवाल्याला ती नको. म्हणून सेंट एल्सव्हेअरसारखी हॉस्पिटलची मालिका, ऑक्टोबर १९८२ ला एनबीसीवर आलेली, रेटिंगमध्ये कुठेच नसून वाचली, तिचा जो काही प्रेक्षक होता तो तरुण आणि कमावता होता. वर्षाच्या यादीतला सातवा कार्यक्रम पैशात दुसऱ्यापेक्षा वरचढ असू शकतो, आणि हे यादीवर कुठेच छापलेलं नसतं.

आपल्याकडे त्याच १९८२ ला काय चालू होतं तर दूरदर्शन नुकतं रंगीत झालेलं, नोव्हेंबरमध्ये एशियाड, एकच चॅनल, मग समोर काय आणि आधी काय हा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न आला सॅटेलाइट चॅनल आल्यावर. ३ जुलै २००० ला स्टार प्लसने नऊला केबीसी आणि त्याच रात्री साडेदहाला क्योंकि सास भी कभी बहू थी सुरू केली, अमिताभने आणलेली गर्दी तुलसीला दिली, मग केबीसी थांबलं तरी तुलसी पुढे कित्येक वर्षं वरच होती. झी मराठीवर संध्याकाळी आदेश बांदेकरांचा होम मिनिस्टर असायचा आणि त्यामागे मालिका, त्याचंही गणित हेच होतं, वहिनी पैठणीसाठी टीव्ही लावायच्या आणि मग तो बंद व्हायचा नाही. तेव्हा बार्कचे (आपल्याकडे टीव्ही रेटिंग मोजणारी संस्था) आकडे वाचून अमुक मालिका नंबर वन आणि तमुक गेली अशी पोस्ट फिरते तेव्हा मालिकेचं नाव झाकून आधी वेळ बघा, मग समोरची दोन चॅनलं बघा, मग मागच्या महिन्याचा आकडा.

आणि याची परीक्षा अमेरिकेत लगेच पुढच्याच वर्षी झाली. मॅश संपल्यावर सीबीएसने तिच्यातली तीन पात्रं घेऊन आफ्टरमॅश काढली आणि सप्टेंबर १९८३ ला बरोब्बर तिच्याच जागेवर, सोमवारी नऊला ठेवली. समीक्षकांनी धुतली, तरी पहिल्या सीझनला पंधरावा नंबर. मग १९८४ ला कोणाला तरी वाटलं की ही आता स्वतःच्या पायावर उभी आहे, तिला मंगळवारी आठला ए-टीमसमोर हलवली, आणि डिसेंबरमध्ये ती बंद.